रावसाहेबांची मोटर

दुकान बंद करायचं एकदाचं ठरलं आणि बाबांनी जराही खळखळ केली नाही, म्हणून मुलगी घाबरली. कपभर चहाऐवजी पाऊण कप समोर आला तरी ज्या माणसाचं तोंड संध्याकाळपर्यंत उतरलेलं असायचं, तो माणूस उभ्या आयुष्याचं टोप्यांचं दुकान आवरायला निघाला होता. आणि म्हणत काय होता, तर, "ठीक आहे. मला आता सुईचं भोक दिसत नाही, आणि टोप्या तरी घालतं कोण हल्ली?"

मुलीनं दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी खरी गोष्ट बाहेर आली.

"एकच काम राहिलंय," बाबा म्हणाले. "शेवटच्या दिवशी रावसाहेबांनी टोपी उचलली पाहिजे. पूर्वी उचलायचे ना, अगदी तश्शी. तू करून दे."

रावसाहेब म्हणजे दुकानाच्या दर्शनी काचेमागे उभा असलेला लाकडाचा गृहस्थ. अंगात काळा कोट, ओठावर खऱ्या केसांची मिशी आणि उजव्या हातात डोक्यावरच्या टोपीची कड. रस्त्यानं जाणाऱ्या येणाऱ्यांना तो टोपी उचलून अभिवादन करायचा. मुलं शाळेत जाताना त्याला उलट सलाम ठोकायची. पोस्टमन सायकलवरचा एक हात सोडून मान लववायचा आणि दर खेपेला पडता पडता वाचायचा. पलीकडच्या इमारतीतल्या एक प्रौढ बाई तर त्याच्या समोरून जाताना नेमानं लाजायच्या. मग एका वर्षी रावसाहेबांचा हात खाली आला तो आलाच. तेव्हापासून ते बस चुकलेल्या माणसासारखे काचेमागे नुसते उभे होते.

हे सगळं यंत्र बाबांनी स्वतः केलेलं. लाकूड स्वतः तासलं, कोपरातले सांधे स्वतः बसवले. कुणी विचारलं, की बाबा जाकिटाच्या खिशात अंगठा खोचून सांगत, "आत मोटर आहे. मी बसवलीय." कुणी नाही विचारलं तरीही सांगत.

आता हे काम मुलीकडेच का आलं, तर तिचा धंदाच तो होता. ती एका मोठ्या ऑफिसात यंत्रांच्या हालचालींचा अभ्यास करायची. खरी यंत्रं नव्हेत. कॉम्प्युटरमध्ये उभी केलेली. मोटारीचं दार, लिफ्टचा दरवाजा, दवाखान्यातला वरखाली होणारा पलंग. आधी ठरवायचं, की ही वस्तू कशी हलली पाहिजे. आणि मग उलटं मागे जात शोधून काढायचं, की ती तशी हलायला मोटरनं कुठल्या क्षणी किती जोर लावायला हवा. नोकरी लागली तेव्हा तिनं हे घरी समजावून सांगायचा फार प्रयत्न केला होता. बाबांना काहीच कळलं नाही. त्यांनी "उत्तम, उत्तम" एवढंच म्हटलं.

आई मात्र टोपीला अस्तर शिवता शिवता म्हणाली होती, "म्हणजे जेवण चाखायचं आणि रांधणारी बाई किती वैतागली होती ते ओळखायचं. एवढंच ना?"

इतक्या वर्षांत त्या कामाची याहून नेमकी व्याख्या तिला कुठल्याही पुस्तकात सापडली नव्हती. आई जाऊन आता बराच काळ लोटला होता.

"तुमची जुनी मोटर बघू," मुलगी म्हणाली. "कदाचित नुसतं तेलपाणी केलं की चालेल."

"छे! ती जळली. पेटी उघडायची नाही."

"अहो बाबा, बघायला काय हरकत आहे?"

"माझ्या पेटीला हात लावायचा नाही म्हणजे नाही. तू तुझी नवी बसव. पण टोपी तश्शीच उचलली गेली पाहिजे."

काचेखालच्या फळीच्या आत पत्र्याची एक पेटी होती. तिचे स्क्रू बाबांनी रंगाखाली पुरून टाकले होते. लहानपणापासून मुलीला दोन गोष्टींची बंदी होती. एक ती पेटी आणि दुसरी त्या पेटीमागचा पडदा, जिथं आई बसून अस्तरं शिवायची. "सुया आहेत तिथं, पायात जातील," असं आई म्हणायची. पेटीच्या बंदीला मात्र कुणी कधी कारण दिलं नव्हतं.

"तश्शीच म्हणजे कशी, ते मला मोजता तर आलं पाहिजे," मुलगी म्हणाली.

इथं मामा उपयोगी पडला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तारुण्यात त्यानं एक व्हिडिओ कॅमेरा घेतला होता आणि नात्यातला एकही माणूस त्याच्या तावडीतून सुटला नव्हता. दुकानाच्या वाढदिवसाची एक कॅसेट त्यानं जिवापाड जपून ठेवली होती. ती द्यायला तो स्वतः आला आणि सोबत अटही घेऊन आला.

"श्रेयात माझं नाव पाहिजे."

"मामा, हा सिनेमा नाहीये. मी फक्त टोपी कशी हलते ते मोजणार आहे."

"मग 'टोपीचं छायाचित्रण' असं लिही."

मुलीनं ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. चित्रामागून चित्र घेऊन टोपीची कड कुठं आहे ते टिपत गेली. ऑफिसातल्या प्रोग्रॅममध्ये तिनं रावसाहेबांचा हात उभा केला. खांदा, कोपर, मनगट आणि वर टोपीचं वजन. हालचाल आत भरली आणि विचारलं, की बाबा रे, एवढ्यासाठी मोटरला किती जोर लागेल?

कॉम्प्युटरनं उत्तर दिलं. तेवढ्या जोरात ट्रकचं मागचं फाळकं उचललं गेलं असतं.

शेजारच्या टेबलावर एक सहकारी बसायचा. ऑफिसात त्याला सगळे 'तरीपण' म्हणत, कारण त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू व्हायचं. तो मान लांब करून आकडे बघत म्हणाला, "तरीपण, ही टोपी लोखंडाची आहे का?"

शंका मुलीलाही आली होती. म्हणून तिनं बाबांना फोन लावला. "बाबा, तुमची मोटर फार जोरदार होती का हो?"

शहाण्या माणसानं हा प्रश्न बाबांना विचारायला नको होता.

"जोरदार?" बाबांचा आवाज एकदम तरुण झाला. "अगं, दणकट! वाघ होती वाघ!"

झालं. वाघाच्या तोडीची एक मोटर ऑफिसच्या कपाटात पडून होती. एका गाडीच्या डिकीचं झाकण उचलायला आणलेली. रीतसर परवानगी काढून मुलगी ती दुकानात घेऊन आली. रावसाहेबांच्या कोपरातली जुनी दोरी तिनं सोडली, मोटर तिथेच बसवली, टोपी हाताला चांगल्या दोऱ्यानं बांधली. बाबा बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले, कारण रावसाहेबांना बघायचं ते बाहेरूनच, असा त्यांचा नियम होता. हवा खेळावी म्हणून काचेची सरकती बाजू उघडी ठेवली होती.

"लावू?"

"लाव!"

रावसाहेबांनी टोपी उचलली, असं म्हणणं बरोबर होणार नाही. त्यांनी ती फेकली. दोरा तुटला, टोपी उघड्या काचेतून सुटली, बाबांच्या कानाजवळून गेली, रस्ता ओलांडून समोरच्या न्हाव्याच्या दुकानात शिरली आणि तोंडभर फेस लावून डोळे मिटून पडलेल्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर जाऊन बसली. इकडे रावसाहेबांचा मोकळा हात वर गेला तो तसाच थरथरत राहिला, सभेत हरकत घेणाऱ्या सभासदासारखा.

न्हावी वस्तरा हातात घेऊनच रस्ता ओलांडून आला. त्याच्यामागे टोपी काढायचं भान न राहिलेलं गिऱ्हाईक.

"काका, हे काय?"

"रावसाहेबांनी अभिवादन केलं," बाबा म्हणाले.

"याला अभिवादन म्हणतात? माझा हात हलला असता तर यांचा कान गेला असता!"

"पण टोपी बसली बघ कशी छान," बाबा गिऱ्हाइकाकडे निरखून बघत म्हणाले. "तुमचं माप हेच. घेता का? अस्तर हातानं शिवलेलं आहे."

गिऱ्हाइकानं टोपी घेतली नाही. परत मात्र केली, आतून फेसासकट.

चूक कुठं झाली ते शोधायला मुलीनं कॅसेट पुन्हा लावली. या वेळी आवाज मोठा करून. आणि उलगडा झाला. मामा चित्रीकरण करता करता स्वतःच विनोद करत होता आणि त्या विनोदांना स्वतःच खदखदून हसत होता. तो हसला की कॅमेरा हिसके खायचा, आणि कॅमेऱ्यानं हिसका खाल्ला की टोपी उडाल्यासारखी दिसायची. टोपीच्या जागेवरून वेग काढायचा, वेगावरून जोर. दर पायरीला मामाचं हसू फुगत गेलं होतं. रावसाहेबांच्या कोपरात तिनं जी वाघासारखी मोटर बसवली होती, ती मामाचं हसू उचलायला लागणारी मोटर होती.

"म्हणजे माझ्या कलेत एवढी ताकद आहे!" मामाला कळल्यावर तो धन्य झाला.

मुलीनं मग घाईघाईत दुसरी चूक केली. तिनं सगळी हालचाल घोटून घोटून गुळगुळीत करून टाकली. एकही हिसका ठेवला नाही. आता जोर इतका कमी निघाला, की एक छोटीशी, मुठीत मावणारी मोटर पुरली. रावसाहेबांनी टोपी वर नेली, खाली आणली, वर नेली, खाली आणली. न्हाव्यानं खबरदारी म्हणून आपलं दार लावून घेतलं होतं, तरी काचेतून बघून त्यानंही मान डोलावली.

बाबांनी मात्र नाक मुरडलं.

"हा आपला नाही."

"का? आता तर छान उचलतोय."

"हा टोपी उचलत नाही, चहाचा ट्रे घेऊन आलाय. आपले रावसाहेब मधे थांबायचे."

"मधे म्हणजे?"

"टोपी अर्ध्यावर आणायचे आणि थांबायचे. क्षणभर. समोरच्याला वाटायचं, हा आपल्याला ओळखतो की काय! मग पुढं उचलायचे. ते थांबणंच तर खरं होतं गं." बाबा काचेकडे बघतच राहिले. "नुसती टोपी काय, वाराही उचलतो."

मुलीला एकदम आठवलं. खरंच थांबायचे. लहानपणी ती काचेला नाक लावून त्या थांबण्याची वाट बघत बसायची. दर वेळी थांबायचे नाहीत. चार-सहा वेळा सरळ उचलायचे आणि मग अचानक एकदा हात अर्ध्यावर अडायचा, आणि ती मनाशी म्हणायची, हे माझ्यासाठी थांबले. काचेवर तिच्या नाकाचा ठसा उमटायचा आणि आई रोज तो फडक्यानं पुसायची. हे आठवून तिला गलबलून आलं. आणि ज्या थांबण्यासाठी आपण नाक चपटं करून घेत होतो, तेच आपण हिसका समजून घोटून टाकलं, याची लाजही वाटली.

शेवटचा दिवस तोंडावर आला होता. त्यानंतर दुकानाची किल्ली एका मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे जायची होती आणि त्याला काचेत रावसाहेब नको होते. मुलीनं ऑफिसात बसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी तिनं आधी दुकानाच्या पाटीचा कोपरा धरला. पाटी तर काही हलत नाही. म्हणजे पाटी जेवढी हललेली दिसली तेवढा मामा हसला. तेवढं हसू तिनं प्रत्येक चित्रातून वजा केलं. उरली ती खरी हालचाल. ती आत भरून तिनं जोराचा आलेख काढला, आणि आलेख बघून डोकं खाजवायला लागली.

'तरीपण' आपली खुर्ची घेऊनच आला.

"तरीपण, ही मोटर फक्त ओढते. ढकलत कधीच नाही. हात खाली येतो तो आपल्या वजनानं येतो."

"दोरीवर असेल. जुनी पद्धत."

"तरीपण, हात अर्ध्यावर थांबलाय तेव्हा जोर बारीक बारीक थरथरतोय बघ. मोटर थांबली की थांबते. अशी तोल सावरत उभी नाही राहत." त्यानं आलेखावर बोट ठेवलं. "आणि शेवटी शेवटी जोर कमी होत गेलाय. ही मोटर दमते का गं?"

"मोटर कशी दमेल?"

"तरीपण, दमलीय."

तेवढ्यात स्क्रीनवर चाललेल्या चित्रीकरणात मामाचा आवाज आला, "ताई कुठाय? अरे, ताईला बोलवा! ताईशिवाय कसला वाढदिवस!"

रावसाहेबांनी वर नेलेली टोपी सावकाश डोक्यावर ठेवली आणि हात तिथंच राहिला.

मग दुकानातून आई बाहेर आली. पदराला चिकटलेले दोरे झटकत, उन्हानं डोळे बारीक करून. मुलगी नकळत खुर्चीत पुढं सरकली. आई बाबांच्या शेजारी उभी राहिली. तिनं मान वळवून काचेकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय मस्त चालते हो तुमची मोटर!"

बाबांनी जाकिटाच्या खिशात अंगठा खोचला. मामा हसला, पाटी हलली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि या सगळ्या वेळात काचेमागे रावसाहेब ढिम्म उभे होते. टोपी डोक्यावर. एवढ्या माणसांत एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. कॅसेट घरात कितीदा पाहिली गेली, तेव्हाही नाही, कारण प्रत्येक जण त्यात आपण कसे दिसतो तेवढंच बघत होता. मग आई "दूध उतू जाईल" असं काहीतरी पुटपुटून आत गेली. जरा वेळ गेला. आणि रावसाहेबांनी टोपी उचलली.

"तरीपण," सहकारी म्हणाला, आणि त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच पुढं काही बोलला नाही.

त्या दिवशी मुलगी ऑफिसातून तडक दुकानात गेली. बाबा घरी जेवायला गेले होते. तिनं आयुष्यात पहिल्यांदा तो पडदा बाजूला केला. आईचं बुटकं स्टूल तिथंच होतं. वर टोप्यांचे साचे, खिळ्याला अडकवलेली कात्री. रावसाहेबांच्या विजारीतून खाली आलेली दोरी पेटीत गेलीच नव्हती. ती पेटीच्या मागून वळसा घेऊन फळीतल्या एका भोकातून इकडं आली होती, आणि तिच्या टोकाला, जमिनीपासून वीतभर वर, टोपीच्या आत लावतात त्या मऊ चामड्याच्या पट्टीचा एक फास शिवलेला होता. आतून पायाच्या घामानं काळा पडलेला. टाका आईचाच होता, तो तिनं कुठंही ओळखला असता.

तिनं स्टुलावर बसून फासात पाय अडकवला. पडद्याच्या चिरेतून रस्ता दिसत होता. हातात अस्तर, पायात रावसाहेब, आणि डोळ्यांसमोर सगळी गल्ली. आणि ते थांबणं? सुईत दोरा ओवताना माणूस श्वाससुद्धा रोखतो, मग पाय कसा हलणार? दोरा संपला की आई सुई ओवायला घ्यायची, आणि बाहेर पोस्टमनला वाटायचं, रावसाहेबांनी आपल्याला ओळखलं.

जेवण चाखून बाई किती वैतागली होती ते ओळखायचं. मुलगी तिथं बसून एकटीच हसली आणि मग रडली. आई वैतागलेली नव्हती. आलेखात तसं कुठंही दिसत नव्हतं. दमलेली तेवढी दिसत होती.

आता बाबांना हे कळता कामा नये, असं तिनं ठरवून टाकलं. ज्या मोटरीच्या जिवावर त्यांनी आयुष्यभर खिशात अंगठा खोचला, ती मोटर म्हणजे आईचा पाय होता, हे दुकानाच्या शेवटच्या दिवशी कुठल्या तोंडानं सांगायचं? तिनं छोटी मोटर पुन्हा बसवली. तिला खऱ्या जोराचे आकडे दिले. थांबण्यासकट, थरथरण्यासकट, दमण्यासकट.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी बाबा बाहेर उभे राहिले. तिनं बटण दाबलं. रावसाहेबांनी टोपी उचलली. पुन्हा उचलली. पुन्हा. आणि मग एकदा हात अर्ध्यावर अडला, क्षणभर थरथरला आणि पुढं गेला.

बाबा बराच वेळ बघत राहिले. मग आत आले, वाकले आणि कोपरातल्या मोटरला हळूच हात लावला.

"गरम आहे," ते म्हणाले. त्यांचं तोंड पाऊण कप चहा मिळाल्यासारखं झालं.

"मोटर म्हटली की गरम होणारच बाबा."

"माझी कधी झाली नाही."

बाबांनी पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. आणि पडदा सारून आईच्या स्टुलावर बसले.

"पहिल्याच दिवशी जळली ती," ते म्हणाले. "बटण दाबलं आणि मी हा बाहेर पळालो, लोकांत उभा राहायला. मला वाटलं, चालतेय. सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती. संध्याकाळी तेल घालायला पेटी उघडली, तर आत काळाठिक्कर कोळसा. आणि गार. दिवसभर चाललेली मोटर गार कशी राहील?"

"मग तुम्ही आईला विचारलं नाहीत?"

"विचारणार होतो. तेवढ्यात तीच म्हणाली, 'काय मस्त चालते हो तुमची मोटर!' आणि तिच्या तोंडावर असा आनंद होता म्हणून सांगू... मी म्हटलं, 'चालणारच, मी बसवलीय.' एकदा म्हणून बसलो, मग मागं कसं येणार? पेटी बंद करून टाकली."

"म्हणजे तुम्ही रोज सकाळी बटण दाबायचात ते..."

"ते तिला कळावं म्हणून. की दुकान उघडलं." बाबा जरा हसले. "दर आठवड्याला मी पेटीला बाहेरूनच तेल घालायचो. ती तेलाचा डबा धरून उभी राहायची. दोघंही गंभीर."

"आणि नवी मोटर आणावी असं नाही वाटलं?"

"आणली होती की! माळ्यावर पडलीय अजून. पण ती बसवली असती तर हिचं काम गेलं असतं ना. त्या चिरेतून रस्ता बघत बसायची, गाणं गुणगुणायची. गल्लीतल्या सगळ्या बातम्या मला तिच्याकडून कळायच्या. मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिला बसवेना, आणि हे सोडायचं कसं तेही सांगता येईना. म्हणून मीच एका सकाळी जाहीर केलं, की मोटर जळली."

"आणि आई?"

"'अरेरे,' म्हणाली. 'किती चांगली होती.'"

बाहेर न्हाव्यानं चाहूल घेत दार किलकिलं केलं आणि पुन्हा लावून घेतलं.

शेवटच्या दिवशी सगळी गल्ली लोटली. म्हातारा झालेला पोस्टमन सायकलशिवाय आला. लाजणाऱ्या बाई काठी टेकत आल्या. मामा नवा कॅमेरा घेऊन आला होता. फेसवाल्या गिऱ्हाइकानं येऊन आपल्या मापाची ती टोपी मागितली. बाबांनी बटण दाबलं आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले. रावसाहेबांनी टोपी उचलली. पोस्टमननं सवयीनं मान लववली. आणि मग एकदा टोपी अर्ध्यावर थांबली, जरा जास्तच वेळ थांबली. बाई लाजून चूर झाल्या.

"आत काय आहे हो?" मोबाइलवाल्यानं विचारलं.

बाबांनी जाकिटाच्या खिशात अंगठा खोचला. "मोटर आहे. मी बसवलीय."

मामा खदखदून हसला आणि कॅमेरा हलला.

संध्याकाळी माणसं पांगली. बाबा तेलाचा डबा घेऊन आत आले. पडद्यामागं मुलगी बुटक्या स्टुलावर बसली होती. पाय फासात, पोटरी सुजलेली, मांडीवर एक अर्धवट अस्तर. सुई ओवायला तिला आईच्या तिप्पट वेळ लागत होता आणि दोन बोटं टोचून लाल झाली होती. छोटी मोटर तिच्या पिशवीत कधीची गेली होती आणि कोपरात जुनी दोरी परत आली होती.

बाबांनी वाकून पत्र्याच्या पेटीवर तळहात ठेवला. पूर्वी तेल घालताना ठेवायचे तसा.

"गार आहे," ते म्हणाले.

मुलीनं पाय सोडवला, लंगडत उठली आणि तेलाचा डबा त्यांच्या हातातून घेऊन धरून उभी राहिली.

"काय मस्त चालते हो तुमची मोटर," ती म्हणाली.

"चालणारच," बाबा म्हणाले आणि पेटीला बाहेरून तेल घालू लागले.